दुसऱ्यांदा येणारा फोन

मिरजेच्या एका २५ वर्षांच्या तबलावादकाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा तो उत्तीर्ण झाला असून सध्या एका कारखान्यात अभियंता म्हणून नोकरी करतो. मार्चअखेर ही नोकरी सोडून पुण्याला यावे, असा त्याचा बेत आहे. तेथे चार मित्रांबरोबर सुरू केलेल्या बँडला सगळा वेळ द्यावा, की निरनिराळ्या गायकांना साथ करणारा स्वतंत्र कलाकार म्हणून काम शोधावे, आणि यांपैकी कशावर घर चालेल, असे त्याने विचारले आहे. वडिलांचा विरोध आहे, हेही त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. निघण्यापूर्वी तबल्याची नवी जोडी घ्यावी का, हा त्याचा शेवटचा प्रश्न आहे.

मी गेली तीस वर्षे पुण्यात राहून तबल्याच्या साथीवर उपजीविका करतो. भावगीत, नाट्यसंगीत, अभंग, शास्त्रीय मैफल, स्टुडिओतील ध्वनिमुद्रण आणि मध्यंतरी सहा वर्षे एक बँड, असे सगळे प्रकार मी केले आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, मार्चमध्ये नोकरी सोडू नये. येत्या दिवाळीपर्यंत, शक्य असल्यास त्यापुढच्या गुढीपाडव्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी आणि रजा काढून सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यातच जितके कार्यक्रम मिळतील तितके करावेत, आणि प्रत्येक कार्यक्रम एका वहीत नोंदवावा. गायक कोण, बोलावले कोणी, मानधन किती ठरले, हातात किती व कधी आले, हे त्या वहीत असावे. त्याशेजारी एक रकाना ठेवावा आणि त्याच माणसाकडून पुन्हा बोलावणे आले की त्यात खूण करावी. नोकरी केव्हा सोडायची याचे उत्तर मी त्या रकान्यावरून देईन.

याचे कारण सांगतो. पहिला फोन ओळखीने येतो. गुरुजींनी नाव सुचवलेले असते, किंवा ठरलेला तबलजी आजारी पडलेला असतो आणि आयोजकाला त्या संध्याकाळपुरता कोणीतरी हवा असतो. दुसरा फोन मात्र कोणाच्याही शिफारशीने येत नाही. गायकाला पहिल्या कार्यक्रमात जे मिळाले, त्यावरच तो येतो. आमच्या व्यवसायात ज्यांचे संसार उभे राहिले, त्यांच्याकडे अशी पंधरा-वीस माणसे असतात, जी कार्यक्रमाची तारीख ठरली की दुसऱ्या कोणाचा विचार न करता त्यांनाच विचारतात. ही पंधरा-वीस माणसे जमायला मला सुमारे सात वर्षे लागली, आणि त्या सात वर्षांत घर प्रामुख्याने माझ्या पत्नीच्या नोकरीवर चालले, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण आम्हा कलाकारांच्या मुलाखतींत हा हिशेब सहसा सांगितला जात नाही.

दुसरे बोलावणे कशामुळे येते, हे तुम्ही नीट समजून घेतले पाहिजे, कारण विशारदच्या अभ्यासक्रमात त्यातले फार थोडे शिकवले जाते. परीक्षेसाठी तुम्ही पेशकार, कायदे, रेले, गती आणि तुकडे हे एकल वादनाचे प्रकार तयार केलेत. त्या रियाजाने हाताला नाद आला आणि लय पक्की झाली, म्हणून तो अमूल्य आहे. परंतु तीन तासांच्या भावगीतांच्या कार्यक्रमात त्या सामग्रीला दहा मिनिटांचीही जागा नसते. तेथे पंधरा-सोळा गीते असतात, बहुतेक केरवा, दादरा, रूपक आणि भजनी ठेक्यात, आणि गायिकेला तुमच्याकडून हवे असते ते पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत न हलणारे, भरीव पण शब्दांवर न चढणारे वादन. ओळीच्या अखेरीस गायिका जेथे श्वास घेते, तेथे डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, एक मींड (घसरता नाद) पुरेशी असते. लग्गी, म्हणजे जलद, भरगच्च वादन, कडवे संपल्यावर वाजवायची, कवितेचा महत्त्वाचा शब्द चालू असताना नाही. नाट्यपदात गायक आलापी वाढवील तितका वेळ ठेका धरून ठेवण्याची तयारी लागते, आणि तो सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे दाखवणार हे त्याच्या डोळ्यांवरून आधी ओळखावे लागते. शास्त्रीय मैफलीत विलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालाचा ठेका अर्धा तास एकाच वजनाने धरणे ही तर स्वतंत्र साधना आहे, आणि मोठमोठ्या तयारीचे तरुण हात तेथे अस्वस्थ होऊन मात्रांमधल्या मोकळ्या जागा भरू लागलेले मी वारंवार पाहिले आहेत. गायकाला ती अस्वस्थता लगेच जाणवते. तो मंचावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी फोन करत नाही, इतकेच.

सुराची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची ती काळी पट्टी षड्ज (सा) मानून, गातील, गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये, आणि एकाच कार्यक्रमात दोघेही असतील. काळी पाचला तबला षड्जात लावायचा तर मोठ्या तोंडाचा, खर्जाचा, म्हणजे खालच्या सुराचा तबला लागतो. नाहीतर तो मध्यमात किंवा पंचमात लावावा लागतो, आणि कोणत्या गीताला मध्यम शोभेल व कोणत्याला पंचम, हे रागावर अवलंबून असते. म्हणून आदल्या दिवशीच गीतांची यादी, प्रत्येकाची पट्टी आणि ताल विचारून घ्यावेत. बहुतेक नवीन वादक हे विचारायला संकोचतात, आपल्याला येत नाही असे वाटेल म्हणून. प्रत्यक्षात असे विचारणाऱ्याविषयी गायकाचे मत चांगले होते. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम उघड्या मैदानावर असतात, पहाटेच्या दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचे कातडे, सैल पडून सूर उतरतो, आणि तासाभराने ऊन आले की तोच तबला चढतो. तेथे सुरात लावून झाकून ठेवलेला दुसरा तबला शेजारी असला, तर निवेदकाचे दोन वाक्यांचे बोलणे संपेपर्यंत तुम्ही तयार असता. नसला, तर हातोडीचे ठोके सगळ्या मैदानाला ऐकू जातात.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायात आल्यावर चौथ्या वर्षी एका ज्येष्ठ गायिकेचा कार्यक्रम मी स्वीकारला होता. नंतर त्याच तारखेला तिप्पट मानधनाचे एक काम आले. मी त्या बाईंना आदल्या दिवशी फोन करून प्रकृतीचे निमित्त सांगितले आणि परस्पर एक बदली वादक पाठवला, ज्याला मी गीतांची यादीही नीट दिली नव्हती. कार्यक्रम विस्कळीत झाला, आणि मी त्या संध्याकाळी कोठे वाजवत होतो हे आठवड्याभरात सर्वांना कळले. बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांचा फोन पुढची चार वर्षे आला नाही, आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या, पुढे स्वतःचे कार्यक्रम करू लागलेल्या दोन-तीन मुलींचाही आला नाही. ते दुखणे आजही माझ्या मनात आहे. तेव्हापासून मी एक रीत पाळतो. स्वीकारलेले काम मोठ्या कामासाठी सोडायचे नाही. खरोखरच अडचण आली तर ती खरी सांगायची, बदली वादकाचे नाव गायकानेच मान्य करायचे, आणि त्या वादकाला पट्ट्या, ताल, मुखड्यांच्या जागा असे सर्व लिहून द्यायचे. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : तुम्ही स्वतः बदली म्हणून गेलात, तर त्या गायकाला आपला फोन क्रमांक पुढे करून ती जागा बळकावू नये. ज्याच्या जागी गेलात तोच पुढे तुमच्याकडे सर्वांत अधिक काम पाठवतो.

केवळ तालमीत तयार झालेल्या वादकाला आणखी एक विद्या शिकावी लागते, ती लिहिलेले संगीत वाचण्याची. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या इतिहासात याचे फार बोलके उदाहरण आहे. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले, तेव्हा मोठा वाद्यमेळ समोर बसवून काही तासांत ध्वनिमुद्रण पूर्ण करण्याची त्यांची क्षमता संगीतकारांना अत्यंत उपयोगी पडली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही नावे त्यातूनच पुढे आली. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आल्यावर व्हायोलिनवादकांच्या त्या मोठ्या रांगा स्टुडिओतून गेल्या, अनेक कुटुंबांचे उत्पन्न थांबले, आणि त्यातल्या ज्यांना संयोजन येत होते, शिकवता येत होते किंवा नवे यंत्र हाताळण्याची तयारी होती, त्यांना काम मिळत राहिले. आज तबल्याची तीच अवस्था आहे. साधा केरवा किंवा दादरा हवा असेल तर संगीत संयोजक तयार ध्वनिमुद्रित तुकडा संगणकात टाकतो, आणि त्याबद्दल रुसून उपयोग नाही. स्टुडिओतून फोन येतो तो त्या तुकड्यात नसलेल्या गोष्टीसाठी : गीताच्या शब्दांकडे पाहून वाजवलेला ठेका, ढोलकीचा खरा बाज, किंवा पावणेदोन मिनिटांच्या जिंगलमध्ये नेमक्या जागी बसणारी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून संपवलेला बोल. त्यासाठी कानात चालणाऱ्या क्लिकवर, म्हणजे लयीच्या यांत्रिक ठोक्यावर, वाजवता आले पाहिजे, बार, म्हणजे मात्रांचे गट, मोजता आले पाहिजेत आणि साधा चार्ट, म्हणजे गीताचा लिहिलेला आराखडा, पाहून कोठे थांबायचे हे कळले पाहिजे. मिरजेत बसून, मोबाइलवरच्या मेट्रोनोमबरोबर रोज अर्धा तास बसलात तर हे सहा महिन्यांत जमेल. ढोलकी, ढोलक आणि पखवाजाचे प्राथमिक वादनही याच काळात शिकून घ्यावे. आषाढातील अभंगांच्या कार्यक्रमांत पखवाज वाजवणाऱ्याला अगोदर विचारतात.

आता पैशाविषयी. आमचे उत्पन्न महिन्याला मोजता येत नाही, वर्षाला मोजावे लागते, आणि ते वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. आषाढी एकादशीच्या मागेपुढे अभंगवाणी, मग गणेशोत्सवाचे दहा दिवस, त्यानंतर पितृपक्षाचा पंधरवडा जवळजवळ कोरडा, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, डिसेंबर-जानेवारीत महोत्सव आणि स्नेहसंमेलने, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला बँका व कार्यालयांचे कार्यक्रम, पाडवा पहाट, आणि मग गावोगावच्या जत्रा. ज्या वर्षी अधिक मास येतो, त्या वर्षी हे सगळे पुढे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, तर २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. तीन आठवड्यांचा हा फरक नोकरदाराला जाणवत नाही. उन्हाळ्यातल्या शेवटच्या कार्यक्रमाच्या पैशांवर गणपतीची वाट पाहणाऱ्या वादकाला तो घरभाड्यात जाणवतो. शिवाय दिवाळीच्या चार पहाटांना तुम्हाला दहा जण बोलावतील आणि तुम्ही चारच घेऊ शकाल. म्हणजे सर्वाधिक मागणीच्या काळातही उत्पन्नाला मर्यादा असते.

एक हिशेब उदाहरणादाखल करून पाहा. पुण्यात एकट्याला अगदी काटकसरीने महिना ३०,००० रुपये लागतील असे धरले, तर वर्षाचे ३,६०,००० झाले. पुड्या बदलणे, प्रवास, विमा, आजारपण यांसाठी आणखी ९०,००० धरले की गरज ४,५०,००० रुपयांची होते. पंधरा विद्यार्थ्यांना प्रत्येकी महिना १,२०० रुपये शुल्क घेऊन वर्षातले अकरा महिने शिकवले, तर १,९८,००० रुपये येतात. उरलेले २,५२,००० कार्यक्रमांतून यायला हवेत, आणि सुरुवातीला एका कार्यक्रमाचे सरासरी ३,५०० रुपये मिळतील असे मानले, तर वर्षाला ७२ कार्यक्रम लागतात. तुमच्या वहीत एका वर्षात, नोकरी सांभाळून, ३० कार्यक्रमांची नोंद झाली आणि त्यातले निम्मे दुसऱ्या बोलावण्याचे असले, तर ७२ चा आकडा तुमच्या आवाक्यात आहे असे मी म्हणेन. नोंद दहा-बाराची झाली, तर थांबावे. यातील शिकवण्याच्या उत्पन्नाला कमी लेखू नका. आकाशवाणीची ध्वनिचाचणीही अवश्य द्यावी. ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ या श्रेण्यांपैकी एखादी मिळाली की लहान गावांतील आयोजक तिच्याकडे आदराने पाहतात, जरी केवळ त्या कार्यक्रमांच्या मानधनावर कोणाचे घर चालत नाही.

२५ मार्च २०२० हा दिवस आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही. तो गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. माझा पाडवा पहाटेचा कार्यक्रम आणि त्यापुढचे सगळेच रद्द झाले. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला होता किंवा ज्यांचे विद्यार्थी दूरस्थ वर्गाला आले, ते तगले. माझ्या परिचयातील अतिशय गुणी वादकांनी त्या काळात वाद्ये विकली. म्हणून पुण्यात पाऊल ठेवताना सहा महिन्यांचा खर्च बँकेत असावा, ही माझी अट समजा. नोकरी आणखी वर्षभर टिकवण्याचे हेही एक कारण आहे. आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून हवा, आणि भविष्यनिर्वाह निधी कापणारा मालक आपल्याला नसल्याने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते स्वतः उघडून दिवाळीनंतर त्यात रक्कम भरण्याची सवय लावावी.

मानधनाबद्दल बोलताना आपल्याकडे फार संकोच असतो. ‘तुम्ही द्याल ते’ असे उत्तर देऊ नका. आकडा सांगावा, त्यात प्रवास व राहणे धरले आहे की नाही हे सांगावे, आणि तोंडी ठरले तरी त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम व बयाणा असा चार ओळींचा संदेश पाठवून ठेवावा. एका मंडळाने माझे तीन कार्यक्रमांचे पैसे अकरा महिने दिले नाहीत, आणि माझ्याकडे लेखी काहीच नसल्याने मला मागतानाही अपराध्यासारखे वाटत असे. तेव्हापासून अनोळखी आयोजकाकडून अर्धा बयाणा घेतल्याशिवाय मी तारीख देत नाही. मानधन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संस्था आणि कंपन्या त्यातून १० टक्के कर कापून देतात. पॅन क्रमांक दिला नाही तर २० टक्के कापतात. तो कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण अनेक वादक ते भरतच नाहीत आणि स्वतःचे पैसे सरकारजमा ठेवतात. सेवांवरील जीएसटीची नोंदणी साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांपलीकडे गेल्यावर लागते, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रयोगाचे मानधन दीड लाखापर्यंत असल्यास त्यावर हा कर नाही. त्यामुळे सुरुवातीला त्याची काळजी नको. विवरणपत्राची मात्र पहिल्या वर्षापासून शिस्त असावी.

बँडविषयी तुमच्या पत्रात जो उत्साह आहे तो मला मनापासून आवडला, आणि तो विझावा असे काहीही मी सांगणार नाही. साथीत तुम्ही दुसऱ्याच्या गाण्याची सेवा करता. बँडमध्ये स्वतःचे काही निर्माण करता, आणि तरुण वयात ती भूक भागली पाहिजे. तबला बँडमध्ये शोभतो की नाही, ही शंका तर मुळीच बाळगू नका. १९९० मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या इंडियन ओशन या बँडमध्ये असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवतच गात असत, आणि गिटार व ड्रमच्या बरोबरीने त्या तबल्याला संपूर्ण जागा होती. परंतु त्याच बँडचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह १९९३ मध्ये आला, आणि देशभर नाव व्हायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली, हेही पाहावे. बँडचे उत्पन्न सुरुवातीला जवळजवळ नसते आणि खर्च मात्र पहिल्या तालमीपासून असतो. म्हणून साथीच्या कामावर घर चालवावे आणि आठवड्यातील दोन ठरलेले दिवस, कोणतेही काम आले तरी, बँडच्या तालमीला द्यावेत. आमचा बँड सहा वर्षांनी थांबला तो भांडणाने नाही. तालमीचे दिवस आम्ही ठरवून राखले नव्हते, प्रत्येकाला बाहेरची कामे वाढली आणि एकत्र बसणे हळूहळू बंद पडले.

मैत्री चांगली असतानाच तीन गोष्टी कागदावर आणाव्यात. तुम्ही पाच जण आहात, तर प्रत्येक कार्यक्रमाच्या रकमेचे सहा समान भाग करावेत आणि सहावा भाग बँडच्या खात्यात ठेवावा. तालमीचे भाडे, ध्वनिमुद्रण, दुरुस्ती त्यातून व्हावी. बँडचे नाव कोणाचे, आणि एखादा बाहेर पडला तर त्याचा हिस्सा किती, हे लिहावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : प्रत्येक गीत तयार झाले की शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे त्याच दिवशी तारखेसह नोंदवून पाचही जणांनी सही करावी. कायद्याने शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा ते पैसे घालून करून घेणाऱ्याचा, आणि प्रयोग करणाऱ्या कलाकाराचा हक्क त्याहून निराळा, ५० वर्षांचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांच्या मानधनहक्काला, म्हणजे रॉयल्टीला, बरेच संरक्षण मिळाले. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था काम करते, आणि स्वतःच्या चाली प्रसिद्ध करण्याआधी तिचे सदस्यत्व घ्यावे. तबलजी सहसा असे धरून चालतात की चाल बसवताना आपण सुचवलेला ठेका किंवा मधले संगीत म्हणजे फक्त साथ. बँडमध्ये तसे नसते. चालीचा सांगाडाच तुमच्या तालावर उभा राहिला असेल, तर ते त्याच दिवशी सांगावे, पाच वर्षांनी नाही.

समाजमाध्यमांबद्दल थोडक्यात : एकल वादनाची वेगवान चित्रफीत पाहून वाहवा मिळते, परंतु साथीचे काम देणारा गायक तुमची साथ कशी आहे हे शोधत असतो. एक अभंग, एक नाट्यपद, एक भावगीत आणि एक विलंबित ख्याल, अशी स्वच्छ आवाजातील चार ध्वनिमुद्रणे, त्या त्या गायकाच्या परवानगीने, ठेवावीत.

तुमच्या वडिलांचा विरोध मला अन्यायाचा वाटत नाही, कारण त्यांना समोर कोणताही हिशेब दिसत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासारखा असामान्य गायक लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करत होता आणि पूर्णवेळ गाण्याकडे वळला तो चाळिशी ओलांडल्यावर. नोकरीने त्यांचे गाणे लहान झाले नाही. तुम्ही चाळिशीपर्यंत थांबावे असे मी म्हणत नाही, फक्त नोकरी करत असतानाही तुम्ही वादकच असता, हे स्वतःला पटवावे. वर्षभराने ती वही, बँकेतील सहा महिन्यांची रक्कम आणि विद्यार्थ्यांची यादी वडिलांसमोर ठेवा आणि त्यांनाच त्यातील चुका काढायला सांगा. माझ्या वडिलांनी माझ्या अशाच वहीत बसच्या भाड्याची नोंद राहिल्याचे दाखवले होते, आणि त्या दिवसापासून ते माझ्या बाजूला बसून विचार करू लागले.

राहिली तबल्याची जोडी. संपूर्ण नवी जोडी आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे काळी एकचा साडेपाच इंची तबला आणि बरा डग्गा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याला एक चांगली नवी पुडी चढवून घ्या आणि उरलेल्या पैशांत काळी चार-पाचसाठी खर्जाचा, मोठ्या तोंडाचा, शिसवी लाकडाचा एकच तबला घ्या. खरेदीला जाताना गुरुजींना किंवा एखाद्या जाणत्या वादकाला बरोबर न्या. सोळाही घरांवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या सोळा भागांवर, थाप एकाच सुरात मिळते का, शाईला, म्हणजे मधल्या काळ्या लेपाला, कोठे बारीक भेग आहे का आणि किनारीचा आवाज मोकळा आहे का, हे दुकानात बसून सावकाश पाहा. खर्जाचा तबला पहिले काही आठवडे हवेप्रमाणे उतरत-चढत राहतो, म्हणून तो घेतल्यावर निदान दोन महिने घरीच वाजवावा आणि मगच मंचावर न्यावा. आषाढाच्या आधी घेतलात, तर भर पावसाळ्यात तो कसा वागतो हेही तुम्हाला गणपतीपूर्वी कळेल.